साडेबाराचा नेम

आसावरीनं हातमोजा दातांनी ओढून काढला आणि थालीपिठांच्या पुडक्याची फॉइल चारी बाजूंनी पुन्हा एकदा दाबून घेतली. अंकुरनं ते पुडकं तिच्या हातून घेतलं, बर्फावर चालणाऱ्या स्नोमोबाइलचं पुढचं झाकण उचललं आणि आत, इंजिनाच्या धुराड्याला चिकटवून बसवलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवून दिलं.

"वर पोचेपर्यंत मस्त गरम होतात, काकू," तो म्हणाला. "ही पेटी काकांनीच फिट केलेली."

नऊ हिवाळे आसावरी दर शुक्रवारी थालीपिठं लावत आली होती, आणि नऊ हिवाळे तिची पक्की समजूत होती की ती कुठल्याशा लॉजमध्ये, शेकोटीशेजारच्या टेबलावर, मायक्रोवेव्हमधून काढून खाल्ली जातात. इथं लॉज सोडाच, चहाची टपरी असावी एवढं छप्परही दिसत नव्हतं. सिएराच्या डोंगरांतला हा घाटरस्ता हिवाळाभर बंद असतो. रस्त्यावर आडवं लोखंडी फाटक होतं, आणि फाटकापलीकडे रस्ता, कठडा आणि दरी यांतलं काय कुठं संपतं ते कळू नये इतकं सगळं पांढरं होतं.

मशीन एकनाथचं, तिच्या नवऱ्याचं होतं. तिच्या अंगातलं जाकीटही त्याचंच, बाह्या दोनदा दुमडलेलं. गेल्या मे महिन्यात एका रविवारी सकाळी, सनीव्हेलच्या घरी, चहाचा कप अर्धा ठेवून तो गेला. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. कप तिनं दोन दिवसांनी विसळला. मशीन मात्र घराच्या बाजूला ट्रेलरवर, ताडपत्री पांघरून तसंच पडून राहिलं. उद्या सॅक्रामेंटोहून एक माणूस ते न्यायला येणार होता. अंकुर हा एकनाथच्या टीममधला, मूळचा नागपूरचा. त्यानंच इंटरनेटवर जाहिरात टाकून दिली होती, आणि टाकून झाल्यावर पडेल चेहऱ्यानं म्हणाला होता की काकू, मशीन जाण्याआधी एकदा तुम्ही वर या ना. तिनं तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा तो विचारेल असं दिसेना, तेव्हा हो म्हणाली.

हो म्हणायला कारण होतं. अनन्या कॉलेजला गेली त्याच हिवाळ्यात एकनाथनं हे खूळ घेतलं. मुलगी घराबाहेर पडली, आणि पाठोपाठ नवऱ्यानं गाडीला ट्रेलर जोडला. डिसेंबर ते एप्रिल, दर शनिवारी पहाटे स्वारी निघे ती दिवे लागल्यावर उगवे, गाल लाल, नाक सोललेलं, आणि चेहऱ्यावर असं काही शांत समाधान की ते पाहूनच तिचं डोकं फिरे. घर रिकामं झालं होतं ते दोघांचं मिळून झालं होतं. मग हा एकटाच कुठं निघाला? घरात नाही असं तिथं आहे तरी काय, हे तिनं त्याला सरळ कधी विचारलं नाही. टोमणे मात्र भरपूर मारले. एकनाथ टोमण्यांना उत्तर देणाऱ्यांतला नव्हता. आता टोमणे ऐकणाराही राहिला नव्हता आणि प्रश्न तेवढा जिथल्या तिथं होता. मशीन जाण्याआधी ती जागा एकदा डोळ्यांनी बघायची, एवढंच तिनं ठरवलं होतं. आपले नऊ वर्षांचे शनिवार त्यानं कुणाला देऊन टाकले, ते तिला बघायचं होतं.

आणि तो फोन. शनिवारी ती मराठी शाळेत शिकवायची. साडेबाराला मधली सुट्टी व्हायची, पोरं डबे उघडायची, आणि नेमका तेव्हा एकनाथचा फोन वाजायचा. जेवलीस का? हो, ठेवते, मुलं आहेत. बरं. संपलं. मागे सारखी एक घरघर ऐकू यायची. लॉजमधलं कॉफीचं मशीन असणार, असा तिचा हिशेब होता. कॉफीचे घोट घेत घेत तोंडदेखला फोन करायचा म्हणजे शनिवारभर उंडारायला मोकळे, असं ती शाळेतल्या प्रतिमाला एकदा म्हणालीही होती. प्रतिमा हसली होती आणि म्हणाली होती, अगं, आमचे हे तर तेवढंही करत नाहीत.

फाटकाशी डेल त्यांची वाट बघत उभा होता. डेल खालच्या खोऱ्यातला प्लंबर, साठी ओलांडलेला, एकनाथचा इथला पहिला सोबती. त्याचं स्वतःचं पिवळं मशीन होतं. त्यानं आसावरीचा हात दोन्ही हातांत घेतला आणि सोडला. शोक व्यक्त करण्याचं काम त्यानं तेवढ्यात उरकलं, ते तिला आवडलं. मग तपासणी झाली. इथं वर जाणाऱ्या प्रत्येकाच्या छातीवर साबणाच्या वडीएवढं एक यंत्र बांधलेलं असतं. ते सतत खूण पाठवत राहतं, म्हणजे बर्फाचा कडा कोसळून कुणी गाडलं गेलंच तर बाकीच्यांना तो कुठं आहे ते शोधता येतं. आसावरीच्या छातीवर एकनाथचं यंत्र होतं. ती फाटकातून पलीकडे गेली तसं डेलच्या हातातलं यंत्र टुकटुकलं. डेल त्याच्या काट्याकडे गरजेपेक्षा थोडा जास्त वेळ बघत राहिला. एकनाथला तो 'एक' म्हणायचा. एकचं यंत्र अजून ठणठणीत आहे, असं तो इंग्रजीत म्हणाला आणि आपल्या मशीनकडे वळला.

अंकुरच्या मागे बसून तिनं त्याचं जाकीट दोन्ही मुठींत धरलं. मशीन सुरू झालं तेव्हा आवाजानं तिचे दात हलले. आता दिवसभर हे सोसायचं, असं तिच्या मनात आलं, पण थोड्या वेळानं तो आवाज ऐकू येईनासा झाला. तो सगळीकडेच होता, म्हणून. दोन्ही बाजूंनी देवदार मागे जात राहिले, फांद्यांवर बर्फ घेऊन वाकलेले. एखादी फांदी ओझं टाकून देई आणि पांढरी भुकटी हवेतच तरंगत राही, खाली येण्याची तिला मुळी घाईच नाही. खाली दरीत ढग साचले होते, निवलेल्या दुधावर साय धरावी तसे, आणि ती साय ऊन लागून कडेकडेनं गुलाबी होत होती. आपण वर चाललो आहोत की आपण जागीच आहोत आणि डोंगर खाली चालले आहेत, हे तिला सांगता आलं नसतं. तिला झोप येत होती आणि डोळे मिटवत नव्हते, दोन्ही एकदम.

एका उताराच्या पायथ्याशी डेलनं आपलं मशीन उभं केलं. पायांत स्की चढवून त्यानं एकनाथच्या मशीनला बांधलेल्या दोराचं टोक हातात धरलं. इथं सगळ्यांना वर असंच नेतात, असं अंकुरनं तिला आधी सांगितलं होतं: एक मशीन पायथ्याशी ठेवायचं, दुसऱ्यानं माथ्यावर जायचं, तिथून स्की करत खाली यायचं आणि पायथ्याचं मशीन घेऊन पुन्हा वर. आसावरीनं मान वळवून पाहिलं. दोराच्या टोकाला तो म्हातारा पाय जोडून उभा होता आणि बसची वाट बघणाऱ्या माणसासारखा निवांत, उभ्याउभ्या, डोंगर चढत होता. तिला हसू आलं. एकनाथ हे दर शनिवारी बघत असणार आणि घरी येऊन आपल्याला त्यानं एकदाही सांगितलं नाही, हे लक्षात आल्यावर हसू ओसरलं. सांगितलं असतं तर आपण ऐकून घेतलं असतं का, हेही तिच्या मनात आलं, पण ते तिनं पुढे जाऊ दिलं.

माथ्यावर अंकुरनं मशीन बंद केलं आणि शांतता एवढी एकदम आली की तिनं कानांवर हात नेले.

माथा चांगला रुंद होता, सपाट, मधूनमधून बुटकी झाडं असलेला. एका बाजूला स्कीचा उतार. दुसऱ्या बाजूला लांबवर एक टेकाड, त्याच्या डोक्यावर उघडा खडक. डेल स्कीचे बंद आवळत बसला. दोघं एक फेरी मारून तासा-दीड तासात परत येणार होते. अंकुरनं तिला छोटा रेडिओ दिला, कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं, थंडी वाजली तर मशीन चालू करून त्याच्या मुठी कशा गरम करायच्या तेही दाखवलं.

"फक्त किल्ली बाहेर काढायची नाही, काकू. ती मशीनलाच राहू द्यायची. कोणाला लागलं-बिगलं तर जो जवळ असेल त्यानं स्टार्ट करून निघायचं. हा इथला पहिला रूल." मग तो हसला. "काकांना तो शेवटपर्यंत जमला नाही."

जमला नसणारच. नाशिकला वाचनालयाच्या दारातून एकनाथची सायकल गेली होती, तो सोळा वर्षांचा असताना. तेव्हापासून माणूस जे बंद करी त्याची किल्ली खिशात टाकी, खिसा वरून चाचपी, आणि दोन पावलं जाऊन परत येऊन कुलूप ओढून बघे. अमेरिकेत आल्यावर गाडी आपोआप कुलूपबंद होऊ लागली तरी तो दाराला हिसका देऊन बघायचा. इथं, जिथं चोर यायचा तर आधी त्याला चार तास घाट चढावा लागेल, तिथंही तो किल्ली खिशात टाकून जायचा. पहिल्या वर्षी डेल त्याच्यावर दोनदा चिडला, मग त्यानं नाद सोडला, असं अंकुर सांगत होता.

"किल्ली घेऊन जायचे कुठं?" आसावरीनं विचारलं.

"तिकडे." अंकुरनं टेकाडाकडे हात केला. "दुपारच्या फेरीला काका कधीच यायचे नाहीत. आम्ही खाली गेलो की ते तिकडे चढायचे. जप करायला."

"जप?"

"म्हणजे, जपच असेल. डेलनं एकदा लांबून पाहिलं, टोपी काढून, मान खाली घालून उभे होते. मी विचारलं तर म्हणाले, नेम आहे बाबा. मग मी परत विचारलं नाही. नेमाचं कोणी विचारत नसतं ना. जाऊन यायला तास लागायचा. आणि तिथं दोन मिनिटं. पण एक शनिवार चुकवला नाही, काकू. स्नो पडत असला तरी जायचे."

एवढं सांगून तो आणि डेल उताराच्या कडेशी गेले. आधी डेल खाली घसरला, मग अंकुर. थोडा वेळ दोन ठिपके डावीउजवीकडे झुलत राहिले, त्यांच्यामागे दोन वेण्या पडत गेल्या आणि मग नुसत्या वेण्याच राहिल्या.

आसावरी मशीनवर बसून राहिली. एकनाथ आणि जप! सत्यनारायणाला पाहुणे घरात आणि हा गॅरेजमध्ये स्क्रू मोजत बसलेला. आरतीला टाळ हातात दिला तर तो शेजारच्याला देऊन टाकणारा. या माणसानं नऊ वर्षं नेम धरला आणि बायकोला पत्ता नाही. कशासाठी धरला? दुखणं आधीच कळलं होतं का त्याला? की कुणाचं काही होतं मनात, जे घरात आठवता येत नव्हतं? तिला राग आला, आणि रागाच्या खाली भीतीही होती. इतका लांब येऊन माणूस जे करतो ते घरच्यांपासून लपवायचंच असतं, असं तिला वाटलं.

वारा नव्हता. ऊन बर्फावर पसरून पुन्हा वर येत होतं. कुठंतरी एक पक्षी एकदाच बोलला, आणि त्याचं ते एकच अक्षर बराच वेळ टिकून राहिलं. किती वेळ गेला ते तिला कळलं नाही. कदाचित ती बसल्याबसल्या झोपलीही असेल, कारण मधे तिला वाटलं की एकनाथ मशीनच्या पलीकडे उभा आहे आणि नेहमीसारखा खिसा चाचपतो आहे. ती उठली. बर्फात रुतू नये म्हणून पायांत चढवायच्या रुंद जाळीच्या चपला अंकुरनं तिच्यासाठी काढून ठेवल्या होत्या. त्या तिनं बांधल्या, रेडिओ खिशात टाकला आणि टेकाडाकडे निघाली.

वाटेवर ठरावीक अंतरानं बांबूच्या काठ्या रोवलेल्या होत्या, धुकं आलं तरी वाट चुकू नये म्हणून. पहिल्या काठीला हात लावला आणि ती थबकली. काठीच्या टोकाला चिंधी बांधलेली होती, विटक्या जांभळ्या काठाची, आणि गाठ तिची होती. परसातल्या तोंडलीच्या वेलाला ती दर वर्षी काठ्या लावायची, जुन्या सुती साडीच्या चिंध्या फाडून वेल बांधायची, आणि दर वर्षी थंडीत पाच-सहा काठ्या नाहीशा व्हायच्या. त्यावरून तिनं बागकामाला येणाऱ्या माणसाला फैलावर घेतलं होतं. तो बिचारा स्पॅनिशमध्ये शपथा घेत राहिला होता. पण एकनाथ तर मे महिन्यातच गेला. मग यंदाच्या बर्फात या रोवल्या कुणी? अंकुरनं आणि डेलनं, दुसरं कोण. जाणारा नाही तरी त्यांनी वाट आखून ठेवली होती.

ती चढत राहिली. दहा पावलं, थांबणं, दहा पावलं. श्वास तोंडासमोर पांढरा होई आणि विरून जाई. एकसष्टाव्या वर्षी हे आपण का करतो आहोत, असं तिला प्रत्येक काठीपाशी वाटे आणि पुढची काठी दिसे. शेवटचा चढ उभा होता. तो तिनं जवळजवळ हातांवर चढला.

वर काहीच नव्हतं. तिनं खडकाला वळसा घातला, वाऱ्यानं झाडून ठेवलेली चार पावलांची जागा पाहिली, पलीकडची दरी पाहिली. शेंदूर नाही, दगडावर दगड रचलेला नाही, एखादं फूल, उदबत्तीची काडी, काही नाही. इथं मात्र वारा होता. तो दरीतून वर येऊन खडकावर घासत होता आणि त्याची एकसारखी घरघर चालली होती. ही घरघर आपण कुठंतरी ऐकलेली आहे, असं तिला वाटत असतानाच तिच्या छातीशी काहीतरी थरथरलं.

तिला आधी वाटलं, ते यंत्र. मग थरथर पुन्हा झाली, पुन्हा, एकामागून एक. तिनं हात आत घालून फोन काढला. खालचा पेट्रोलपंप सोडल्यापासून तो मुका झाला होता. इथं कुणाचाच फोन चालत नाही, म्हणून अंकुर आणि डेल आपापले फोन गाडीतच टाकून आले होते. तिचा आतल्या खिशात राहून गेला होता. आता त्यावर सकाळपासूनचे सगळे निरोप येऊन पडत होते. मराठी शाळेच्या ग्रुपवर कुणीतरी वर्गाचे फोटो टाकले होते. सॅक्रामेंटोच्या माणसानं उद्या किती वाजता येऊ, असं विचारलं होतं. वरच्या कोपऱ्यात सिग्नलच्या चारही रेघा उभ्या होत्या, आणि शेजारी वेळ होती. बारा चौतीस.

मधली सुट्टी.

ती खडकाला टेकून खाली बसली. घरघर चालूच होती. ते कॉफीचं मशीन नव्हतं, लॉज नव्हतं, शेकोटी नव्हती. अर्धा तास चढून, टोपी काढून, या वाऱ्याकडे पाठ करून माणूस विचारत होता, जेवलीस का? आणि ती म्हणत होती, हो, ठेवते. मग तो अर्धा तास उतरत होता. गेल्या एप्रिलमधल्या शेवटच्या शनिवारी तर तिनं फोन घेतलाही नव्हता. ती पोरांच्या नाटकाचे फेटे बांधत होती. फोन टेबलावर वाजला, तिनं नाव पाहिलं आणि फेटा बांधत राहिली. तो पुन्हा एकदा वाजला होता. तिनं उलटा फोनही केला नव्हता. घरी आल्यावर एकनाथनं त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. हात धुऊन पानावर बसला आणि भाजी छान झालीय म्हणाला. आसावरीला आपली लाज वाटली. ती रडली, आणि तिथं बघणारं कुणी नसल्यामुळे बऱ्यापैकी मोठ्यानं रडली.

घरी समोरासमोर बसून त्यानं तिला जेवलीस का, असं कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळच येत नव्हती. दोघं एकाच वेळी जेवत होते, एकाच भांड्यातलं. इथं मात्र, एवढ्या पांढऱ्यात, आपल्याखेरीज कुणीच नसलेल्या जागी, माणसाला एकच आवाज ऐकावासा वाटतो. तिलाही आत्ता वाटत होतं. तिनं टोपी काढली, वाऱ्याकडे पाठ केली, मान खाली घातली आणि पूर्व किनाऱ्याकडच्या श्रूजबरीला, अनन्याला फोन लावला. तिकडे साडेतीन वाजून गेले असतील.

"आई? एव्हरीथिंग ओके?"

"हो गं. जेवलीस का?"

"आई, इट्स थ्री-थर्टी. हो, जेवले. मी ड्राइव्ह करतेय, तुला संध्याकाळी कॉल करू? मागे कसला नॉइज आहे एवढा?"

"वारा आहे. बरं," आसावरी म्हणाली. "बरं."

फोन बंद झाला. एकोणीस सेकंद, असं त्यावर उमटलं. ती थोडी थांबली, आणि तिच्या लक्षात आलं की तिला मुळीच वाईट वाटलेलं नाही. अनन्याचा आवाज ऐकून झाला होता. ती जेवली होती. आता खाली उतरायला हरकत नव्हती. सॅक्रामेंटोच्या माणसाचा निरोप तिनं पुन्हा उघडला, वाचला, आणि उत्तर न देता फोन आत ठेवून दिला.

उतरताना तिची स्वतःचीच पावलं समोर पडलेली होती. ती त्यांत पाय ठेवत आली. अर्ध्या वाटेवरून तिला मशीन दिसलं, आणि मशीनशेजारी बर्फात बसलेली दोन माणसं. अंकुरनं दोन्ही हात काखेत घातले होते. डेल गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. दोघांची तोंडं दुसरीकडे, उताराकडे होती, मुद्दाम वळवल्यासारखी. डेलचं पिवळं मशीनही वर येऊन उभं होतं, बंद.

ती जवळ आल्यावर अंकुर उठला. तिचे डोळे त्यानं पाहिले असणार. आसावरीनं मशीनकडे बघितलं. किल्लीची जागा रिकामी होती. तिनं जाकिटाच्या खिशात हात घातला आणि किल्ली बाहेर काढली. ती कधी काढून घेतली, खिसा कधी चाचपला, यातलं तिला काहीही आठवत नव्हतं.

"माझ्याकडेच राहिली रे," ती म्हणाली. "एवढं बजावून गेला होतास. कुणाला काही झालं असतं म्हणजे?"

"टेन्शन नको, काकू. डेलकडे डुप्लिकेट आहे. पहिल्याच सीझनला करून घेतली त्यानं. काकांना सांगितलं नाही, एवढंच."

"मग असे गारठत कशाला बसलात? चालू करून हात तरी शेकायचे."

अंकुरला हे समजावून सांगावं लागेल असं वाटलं नसावं.

"तुम्ही नेमाला गेला होता ना," तो म्हणाला. "मशीनचा आवाज पार तिथपर्यंत जातो. काका वर असले की आम्ही दोन्ही मशीन बंदच ठेवायचो. डेल म्हणायचा, त्याचं होऊ दे आधी."

नऊ वर्षांतल्या त्या फोनांत इंजिनाचा आवाज कधी आला नव्हता. नुसता वारा यायचा. ती डेलकडे वळली. डेलनं जाकिटाची चेन खाली ओढली, गळ्यातल्या दोरीतून एक किल्ली काढली आणि तिच्यासमोर धरली. उद्या नवा मालक येणार, दोन्ही किल्ल्या त्याच्याकडे जायला हव्यात, असं तो हळू आवाजात म्हणाला. आसावरीनं त्याचा जाड हातमोजा दोन्ही हातांत घेतला आणि किल्लीवर मिटवला.

"त्याला सांग, राहू दे गळ्यात," ती अंकुरला म्हणाली. "पुढच्या शनिवारी लागेल."

अंकुरनं ते इंग्रजीत सांगितलं की नाही कोण जाणे. डेलला बहुधा कळलं होतं, कारण त्यानं किल्ली आत टाकली आणि चेन गळ्यापर्यंत ओढून घेतली.

आसावरीनं मशीनचं झाकण उचललं. पेटीतलं पुडकं अजून कोमट होतं. एवढं कोमट पुडकं हाताशी असून या दोघांनी त्याला हातही लावला नव्हता, फॉइलच्या तिनं दाबलेल्या चारही कडा तशाच होत्या. काय ते दिसतच होतं. तरी तिनं विचारलं.

"जेवलास का?"

"नाही," अंकुर म्हणाला. "तुमचीच वाट बघत होतो."